अमेरिकेची न्यायव्यवस्था आणि हायस्कूलचे विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नववी ते बारावीत शिकणारी मराठी मुलं आणि त्यांचे आईबाबा यांच्यासाठी हे प्रश्नोत्तर आहे. मुलांना शाळेत 'सिव्हिक्स' किंवा 'गव्हर्न्मेंट' हा विषय असतो. आईबाबांच्या डोक्यात मात्र तालुका कोर्ट, सेशन्स कोर्ट, हायकोर्ट ही भारतातली उतरंड पक्की बसलेली असते. घोटाळे बहुतेक इथेच होतात. पुढचं सगळं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. प्रत्यक्ष प्रकरण अंगावर आलं, तर त्या राज्याचा परवाना असलेला वकील गाठा.

भारतात कोर्टांची एकच शिडी आहे. अमेरिकेत इतकी वेगवेगळी कोर्टं कशाला?

कारण अमेरिकेत शिडी एक नाही. एक केंद्राची, एकेक पन्नास राज्यांची आणि एक राजधानी वॉशिंग्टनची. पुण्यातला न्यायदंडाधिकारी संसदेचा कायदाही लावतो आणि महाराष्ट्र विधानसभेचाही, आणि त्याच्या निकालावरचं अपील चढत चढत दिल्लीपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत चोरी, मारामारी, घटस्फोट, घरभाडं, वाहतुकीचे नियम हे सगळं राज्याच्या कायद्यात येतं आणि राज्याच्याच कोर्टात चालतं. प्रत्येक राज्याची फौजदारी संहिता वेगळी असते. न्यू जर्सीत गुन्ह्याला जे नाव आणि जी शिक्षा आहे, ती पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेल्यावर बदलते.

केंद्राच्या बाजूला ९४ जिल्हा न्यायालयं, त्यांच्यावर १३ अपील न्यायालयं आणि सगळ्यात वर ९ न्यायमूर्तींचं सुप्रीम कोर्ट आहे. बातम्या बहुतेक यांच्याच असतात, पण देशातले बहुसंख्य खटले राज्यांच्या कोर्टात चालतात. म्हणून कुठलाही प्रश्न समोर आला की आधी विचारायचं: हा कायदा कोणाचा, राज्याचा की केंद्राचा?

मग खटला कुठे चालणार, हे ठरतं कसं?

केंद्राच्या कोर्टात मुख्यतः तीन वाटांनी जाता येतं. पहिली, मुद्दा केंद्राच्या कायद्याचा किंवा राज्यघटनेचा असेल तर. दुसरी, केंद्र सरकार स्वतः पक्षकार असेल तर. तिसरी, वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे असतील आणि दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर. दिवाळखोरी आणि पेटंट हे विषय केंद्राचेच. बाकी सगळं राज्याकडे.

एकच कृत्य दोन्हीकडे गुन्हा ठरू शकतं आणि दोन्हीकडे खटला चालू शकतो. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हे पाचव्या घटनादुरुस्तीत लिहिलेलं आहे खरं. पण राज्य आणि केंद्र ही दोन स्वतंत्र सत्तास्थानं मानली जातात, त्यामुळे ते दोन वेगळे गुन्हे धरले जातात. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये गॅम्बल खटल्यात हे पुन्हा पक्कं केलं.

घरात बसून बोलण्यासारखं उदाहरण गांजाचं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात २१ वर्षांवरच्या माणसाने ठरावीक मर्यादेत गांजा बाळगणं राज्याच्या कायद्याने चालतं. केंद्राच्या कायद्यात तो अजूनही नियंत्रित पदार्थ आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही सगळी केंद्राची कामं. 'आमच्या राज्यात चालतं' हे उत्तर इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे उपयोगी पडत नाही. नुसत्या कबुलीनेही अर्ज अडकू शकतो.

न्यूयॉर्कचं सुप्रीम कोर्ट म्हणजे राज्यातलं सर्वोच्च न्यायालय ना?

नाही. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे खटले चालवणारं न्यायालय आहे. तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणजे 'कोर्ट ऑफ अपील्स'. टेक्ससमध्ये तर सर्वोच्च न्यायालयं दोन आहेत, दिवाणीसाठी एक आणि फौजदारीसाठी दुसरं. कोर्टाच्या नावावरून त्याची पायरी ओळखायला जाऊ नका. त्या राज्याच्या न्यायव्यवस्थेचा तक्ता बघा.

राज्यघटनेतले हक्क शाळेत लागू होतात का?

सरकारी शाळेत होतात, खासगी शाळेत साधारणपणे होत नाहीत. अमेरिकेची राज्यघटना मुळात सरकारचे हात बांधते. पब्लिक स्कूलचा मुख्याध्यापक सरकारचा माणूस आहे. खासगी शाळेचा नाही, तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार आणि शाळेची नियमपुस्तिका चालते. 'माझं अभिव्यक्तिस्वातंत्र्य' म्हणून खासगी शाळेशी भांडायला गेलेला मुलगा इथेच अडखळतो.

बोलण्याच्या हक्काचा पाया १९६९ चा टिंकर खटला. १९६५ च्या डिसेंबरात आयोवातल्या डे मॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून शाळेत आले. मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची होती. शाळेने त्यांना निलंबित केलं. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या कामात ठळक अडथळा येत असेल किंवा तशी सबळ भीती असेल तरच शाळेला असं बोलणं थांबवता येतं, ही त्यातली कसोटी.

पुढच्या निकालांनी या हक्काला कुंपणं घातली. शाळेच्या सभेतल्या अश्लील भाषणाला शिक्षा करता येते (१९८६). शाळेच्या वर्तमानपत्रात काय छापायचं यावर, सबळ शैक्षणिक कारण असेल तर, शाळेचं नियंत्रण चालतं (१९८८). शाळेच्या कार्यक्रमात अमली पदार्थांची भलामण करणारा फलक काढून घेता येतो (२००७). मग २०२१ मध्ये महानॉय खटला आला. चिअरलीडिंगच्या मुख्य संघात न घेतल्याच्या रागात एका मुलीने सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेरून, स्नॅपचॅटवर शिवी टाकली. शाळेने तिला वर्षभरासाठी संघातून काढलं. कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेला चूक ठरवलं. म्हणून शाळेबाहेरच्या पोस्टवर शाळेचा हात अजिबात पोचत नाही, असा अर्थ काढू नका. धमकी आणि ठरवून केलेला छळ यात येत नाही, हे कोर्टाने त्याच निकालात सांगितलं आहे.

सकाळच्या ध्वजनिष्ठेच्या शपथेबद्दल आईबाबा नेहमी विचारतात. १९४३ च्या बार्नेट निकालानुसार सरकारी शाळेला झेंड्याला वंदन करण्याची किंवा शपथ म्हणण्याची सक्ती करता येत नाही. ही मुभा नागरिक असलेल्या मुलांनाही आहे. न म्हणणाऱ्याने गप्प राहावं आणि इतरांना म्हणू द्यावं, एवढीच अपेक्षा असते.

शाळा माझं दप्तर तपासू शकते का?

वाजवी शंका असेल तर हो, आणि त्यासाठी वॉरंट लागत नाही. हा नियम ज्या शाळेतून आला ती न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेची. तिथे आज मराठी घरांची काही वानवा नाही. १९८० मध्ये १४ वर्षांची एक मुलगी शाळेच्या स्वच्छतागृहात सिगरेट ओढताना सापडली. तिने नाकारलं. उपमुख्याध्यापकाने पर्स उघडली, तर सिगरेटी तर निघाल्याच, शिवाय गांजा आणि तो विकल्याच्या खुणाही निघाल्या. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती झडती वैध ठरवली. पोलिसांना सहसा 'प्रोबेबल कॉज', म्हणजे गुन्ह्याचा संशय धरायला सबळ कारण, लागतं, शाळेला त्याहून कमी दर्जाची वाजवी शंका पुरते. झडती मात्र शंकेच्या प्रमाणात हवी. एका १३ वर्षांच्या मुलीकडे वेदनाशामक गोळ्या आहेत या संशयावरून तिचे कपडे उतरवून झडती घेतली गेली, ती २००९ मध्ये कोर्टाने घटनाबाह्य ठरवली.

लॉकर बहुतेक ठिकाणी शाळेच्या मालकीचं असतं आणि तसं नियमपुस्तिकेत लिहिलेलं असतं. फोनची गोष्ट निराळी. अटक केलेल्या माणसाच्या फोनमधला मजकूर बघायला पोलिसांना सर्वसाधारणपणे वॉरंट लागतं, असं २०१४ च्या रायली निकालात ठरलं. कोणी 'बघू का?' असं विचारलं आणि तुम्ही 'बघा' म्हणालात, की ती संमती झाली आणि मग वॉरंटचा प्रश्नच उरत नाही. नकार द्यायचा तर शांतपणे शब्दांत द्या. हिसकाहिसकी करू नका.

पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं?

हात दिसतील असे ठेवा, पळू नका. आधी विचारा, 'मी जाऊ शकतो का?' हो म्हणाले तर निघा. नाही म्हणाले तर तुम्हाला अडवून ठेवलेलं आहे. काही राज्यांत अशा वेळी नाव सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. गाडी चालवत असाल तर लायसन्स, नोंदणी आणि विम्याचा कागद दाखवावाच लागतो. त्यापलीकडे 'कुठून आलास, काय करत होतास' याची उत्तरं देणं बंधनकारक नाही. खोटं सांगणं मात्र कधीच नको. केंद्राच्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

मिरांडा इशारा, म्हणजे 'तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे', १९६६ च्या निकालातून आला. टीव्हीवर तो बेड्या ठोकताना म्हणतात, म्हणून मुलांना वाटतं की इशारा दिला नाही तर केस रद्द. तसं नाही. माणूस ताब्यात असेल आणि त्याची चौकशी चालू असेल, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच इशारा लागतो. तो दिला नाही तर साधारणपणे ते जबाब सरकारी पक्षाला आरोप सिद्ध करायला वापरता येत नाहीत. बाकीचा पुरावा उभाच राहतो. ज्याच्या खटल्यातून हा इशारा आला त्या मिरांडावरही पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला.

नुसतं गप्प बसणं पुरत नाही. २०१० पासून नियम असा आहे की हक्क वापरतो आहोत हे स्पष्ट बोलून सांगावं लागतं: 'मला गप्प राहायचं आहे आणि मला वकील हवा आहे.' 'बहुतेक मला वकील लागेल' असं गुळमुळीत वाक्य कोर्टात टिकत नाही. मुलगा ताब्यात होता की नाही हे ठरवताना त्याचं वय विचारात घ्यावं लागतं, असं २०११ मध्ये एका १३ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात ठरलं. तरी चौकशीला आईवडील हजर असलेच पाहिजेत, असा देशभर एक नियम नाही, तो राज्याराज्यावर आहे. चौकशीत पोलिसांनी 'तुझ्या मित्राने सगळं सांगितलंय' अशी थाप मारणंही बऱ्याच ठिकाणी कायद्याला मान्य आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत यावर पहिली बंदी इलिनॉयने २०२१ मध्ये आणली.

भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक हक्क आहे. अटक झाल्यावर भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते, आणि हा हक्क आहे हे पोलिसांनी सांगायला हवं.

सरकार फुकट वकील देतं का?

तुरुंगवासाची शिक्षा होणार असलेल्या फौजदारी खटल्यात, आरोपीकडे पैसे नसतील तर, हो. क्लॅरन्स गिडियन नावाच्या माणसावर फ्लॉरिडातल्या पनामा सिटीत पूल खेळण्याच्या अड्ड्यात घुसून चोरी केल्याचा आरोप होता. वकील मागितला तर न्यायाधीशाने नाकारला. पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलने लिहिलेली याचिका थेट सुप्रीम कोर्टात पाठवली आणि १९६३ मध्ये ९ विरुद्ध ० मतांनी जिंकला. वकिलासह पुन्हा खटला चालला, तेव्हा तो निर्दोष सुटला.

अल्पवयीन मुलांना हा हक्क १९६७ च्या गॉल्ट निकालाने मिळाला. पंधरा वर्षांच्या मुलाला एका अश्लील फोन कॉलसाठी २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात धाडलं होतं. त्याच गुन्ह्यासाठी मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती. दिवाणी दाव्यात आणि इमिग्रेशन कोर्टात मात्र साधारणपणे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. इमिग्रेशन कोर्ट हे खरं तर न्यायशाखेचा भागच नाही, ते केंद्राच्या न्याय खात्याखाली चालतं.

ज्युरी म्हणजे काय? भारतात ती का नाही?

ज्युरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल देणारे सामान्य नागरिक. मुंबईकरांना नानावटी खटला आठवेल. १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन्स न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. अमेरिकेत हे घडूच शकत नाही. ज्युरीने 'निर्दोष' म्हटलं की फौजदारी खटला तिथेच संपतो. न्यायाधीशाला तो कौल फिरवता येत नाही आणि सरकारला अपीलही करता येत नाही. (भारतातली ज्युरी पुढे संपली. पारशी विवाहाच्या दाव्यांत 'डेलिगेट' बसतात, तेवढा तिचा अवशेष.)

केंद्राच्या फौजदारी खटल्यात १२ ज्युरर असतात. काही राज्यांत ६ चालतात, त्याहून कमी चालत नाहीत. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं, आणि २०२० च्या रामोस निकालापासून हे सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे. एकमत झालंच नाही तर 'हंग ज्युरी', म्हणजे खटला पुन्हा चालवता येतो. ग्रँड ज्युरी ही निराळीच चीज आहे. केंद्रात तिच्यात १६ ते २३ जण असतात. त्या दोषी ठरवत नाहीत. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का एवढंच पाहतात, आणि त्याला १२ जणांची संमती लागते.

ज्युरीत बसायला नागरिकत्व आणि किमान १८ वर्षं पूर्ण हवीत. तरी काही राज्यांत नावं लायसन्सच्या यादीतूनही काढतात, त्यामुळे एच-१बी किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसालाही समन्स येतं. ते टोपलीत टाकू नका. 'मी नागरिक नाही' या रकान्यात खूण करून वेळेत परत पाठवा. उत्तरच दिलं नाही तर दंड होऊ शकतो, आणि चुकून 'नागरिक आहे' अशी खूण केली तर ते त्याहून महागात पडतं.

टीव्हीवर दाखवतात तसे खटले रोज चालतात का?

फारच थोडे. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये नोंदवलं होतं की केंद्रातल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या गुन्हा कबुलीतून येतात. सरकारी वकील कमी आरोप किंवा कमी शिक्षा देऊ करतो आणि आरोपी खटल्याचा हक्क सोडतो. त्याला 'प्ली बार्गेन' म्हणतात.

नागरिक नसलेल्यांनी इथे विशेष सावध राहावं. 'नुसता दंड भरून मोकळे व्हा' असा सौदा इमिग्रेशनच्या दृष्टीने हद्दपारीचं कारण ठरू शकतो. कबुलीचा असा परिणाम आहे हे आरोपीला सांगणं बचाव पक्षाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, असं २०१० च्या पडीया निकालात ठरलं. वकिलाला आपला व्हिसा कोणता आहे ते पहिल्याच भेटीत सांगा.

दिवाणी दाव्यात काय वेगळं?

पुराव्याचं वजन. फौजदारीत आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. दिवाणीत पारडं किंचित एका बाजूला झुकलं तरी पुरतं. त्यामुळे एकाच घटनेत माणूस फौजदारीत सुटतो आणि दिवाणीत भरपाई देतो, यात विसंगती नाही. वकिलाची फी साधारणपणे ज्याची त्याने भरायची, जिंकलात तरी. अपघाताच्या दाव्यांत वकील भरपाईचा हिस्सा, बहुतेकदा एक तृतीयांश, फी म्हणून घेतात. भारतात वकिलांना अशी टक्केवारीची फी घ्यायला मनाई आहे. घरमालकाने डिपॉझिट बुडवलं अशा किरकोळ दाव्यांसाठी 'स्मॉल क्लेम्स' असतं. त्याची मर्यादा न्यू जर्सीत ५,००० डॉलर, कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी १२,५०० डॉलर.

न्यायाधीश निवडणुकीने येतात, हे खरं?

बऱ्याच राज्यांत खरं. केंद्रात राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते. निवृत्तीचं वय नाही.

सुप्रीम कोर्टाचा निकाल कसा वाचायचा?

वर्गात हा गृहपाठ हमखास येतो आणि हमखास चुकतो. आधी संदर्भ क्रमांक समजून घ्या. टिंकरचा '३९३ यू. एस. ५०३' आहे. म्हणजे 'युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स' या मालिकेचा खंड ३९३, पान ५०३. सुरुवातीला दिलेला 'सिलॅबस' हा कचेरीने केलेला सारांश असतो, निकालाचा भाग नव्हे. तो वाचून दिशा घ्या, उद्धृत करू नका.

पुढे बहुमताचं निकालपत्र, मग सहमतीची स्वतंत्र मतं, मग विरोधी मतं. मुलांची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे विरोधी मतातलं झणझणीत वाक्य 'कोर्टाने म्हटलं' म्हणून लिहिणं. पानाच्या माथ्यावर कोणाचं मत ते छापलेलं असतं, ते बघून घ्या.

टिपण एका पानात बसवा: घटना चार-पाच ओळींत, खालच्या कोर्टांत काय झालं ते एका ओळीत, कायद्याचा प्रश्न 'हो किंवा नाही' असं उत्तर देता येईल अशा एका वाक्यात, मग उत्तर, मग कारणं. कारणांना निम्मी जागा द्या. आणि कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवला, असं लिहू नका. याचिका दाखल करून घ्यायला नऊपैकी चार न्यायमूर्ती लागतात, आणि हजारोंपैकी वर्षाला साठ-सत्तरच प्रकरणं युक्तिवादापर्यंत पोचतात.

मॉक ट्रायल म्हणजे काय? तयारी कशी करायची?

मॉक ट्रायल म्हणजे विद्यार्थ्यांनीच वकील आणि साक्षीदार होऊन चालवलेला लुटुपुटूचा खटला. न्यायव्यवस्था शिकायचा यापेक्षा चांगला मार्ग हायस्कूलमध्ये नाही. राष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून चालू आहे. संघाला काल्पनिक खटल्याची फाइल मिळते: आरोपपत्र किंवा दावा, मान्य घटना, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, पुराव्याच्या वस्तू आणि सोपे केलेले पुराव्याचे नियम. बहुतेक ठिकाणी एका बाजूला तीन वकील आणि तीन साक्षीदार. संघाला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात, कारण कोणत्या फेरीत कोणती बाजू येईल ते आपल्या हातात नसतं. गुण प्रत्येक वकिलाला आणि साक्षीदाराला वेगळे, बहुधा दहापैकी. खटला हरूनही फेरी जिंकता येते.

सरतपासणीत, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला, सूचक प्रश्न विचारायचे नाहीत. 'मग तुम्ही लाल गाडी पाहिलीत ना?' चालत नाही. 'मग तुम्ही काय पाहिलं?' चालतं. उलटतपासणीत नेमकं उलट: प्रत्येक प्रश्न सूचक, एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि 'का?' कधीच नाही. 'का?' विचारलं की साक्षीदाराला भाषण करायची संधी मिळते. जिंकलेली उलटतपासणी बहुतेक वेळा शेवटच्या एका जादा प्रश्नाने हरतात.

साक्षीदार प्रतिज्ञापत्राच्या उलट बोलला, तर तीन पायऱ्या. आत्ता जे बोलला ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्या. प्रतिज्ञापत्र शपथेवर दिलं होतं, वाचून सही केली होती, हे कबूल करून घ्या. मग ती ओळ मोठ्याने वाचा आणि थांबा. 'मग तुम्ही खोटं बोलता आहात का?' हा प्रश्न गिळा, तो मुद्दा समारोपाच्या भाषणासाठी राखून ठेवा.

वस्तू पुराव्यात आणताना क्रम मोडला की हरकत येते. आधी समोरच्या वकिलाला दाखवा, मग साक्षीदाराजवळ जायची परवानगी घ्या, त्याला ही काय आहे आणि कशावरून ओळखली ते विचारा, आणि मगच न्यायाधीशांना ती दाखल करून घ्यायला सांगा.

हरकतींत सर्वांत गैरसमजाची 'हिअरसे', ऐकीव पुरावा. कोर्टाबाहेरचं बोलणं, त्यातली गोष्ट खरी आहे हे सिद्ध करण्यासाठी आणलं, तरच ते ऐकीव. 'दुकानदार ओरडला, आग लागली!' हे साक्षीदार का पळाला एवढंच सांगायला आणलं असेल तर ते ऐकीव नाही. आणि विरुद्ध पक्षाचं स्वतःचं बोलणं त्याच्याविरुद्ध वापरलं तर ते नियमानेच ऐकीव धरत नाहीत. हरकत घेताना उभं राहा, 'ऑब्जेक्शन, युवर ऑनर' म्हणा, एका शब्दात कारण सांगा आणि न्यायाधीशाकडेच बघून बोला.

भाषण पाठ करून आलेला संघ लगेच ओळखू येतो. साक्षीदाराने अनपेक्षित उत्तर दिलं तरी त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. प्रश्न पाठ करण्याऐवजी प्रत्येक साक्षीदाराकडून काढायच्या पाच गोष्टींची यादी करा, आणि प्रत्येकीसमोर प्रतिज्ञापत्रातला ओळ क्रमांक लिहा. फाइलीत नसलेली महत्त्वाची घटना रचून सांगितली तर गुण जातात.

खरं कोर्ट बघायला जाता येतं का?

येतं, आणि पैसे लागत नाहीत. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात. अल्पवयीनांची आणि कौटुंबिक प्रकरणं बऱ्याचदा बंद दाराआड चालतात. आदल्या दिवशी कोर्टाच्या कचेरीला फोन करून कोणत्या दालनात खटला किंवा शिक्षेची सुनावणी आहे ते विचारा, कारण पक्षकार आयत्या वेळी तडजोड करतात आणि मुलं रिकाम्या खोलीत बसून परत येतात. विमानतळासारखी तपासणी असते. केंद्राच्या बऱ्याच इमारतींत फोन दारातच ठेवावा लागतो, फोटो-रेकॉर्डिंगला मनाई असते. घरबसल्या ऐकायचं तर सुप्रीम कोर्टाचे युक्तिवाद २०२० पासून थेट आवाजात ऐकता येतात. चित्र नाही, फक्त आवाज.

अठरा पूर्ण झाल्यावर काय बदलतं?

फौजदारी कायद्यात तुम्ही मोठे झालात. टेक्सस, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमध्ये तर १७ व्या वर्षीच. त्याखालच्यांचं प्रकरण बालन्यायालयात चालतं, तिथे घटनेनुसार ज्युरीचा हक्क नाही, आणि गंभीर गुन्ह्यात प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात पाठवता येतं. बालन्यायालयातली नोंद आपोआप पुसली जाते असं धरून चालू नका. अनेक राज्यांत त्यासाठी अर्ज करावा लागतो.

मतदान फक्त नागरिकांना. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात. नागरिक नसलेल्या मुलाने तिथे घाईत 'हो' केलं, तर नागरिकत्वाचा खोटा दावा म्हणून पुढचे इमिग्रेशन अर्ज अडकू शकतात. दारू आणि तंबाखूला २१ पूर्ण हवीत.

'नोटरी' म्हणजे वकीलच ना?

भारतात नोटरी बहुधा वकील असतो, म्हणून हा घोळ. अमेरिकेत नोटरी फक्त सही करणारा माणूस तोच आहे याची खात्री करतो आणि शपथ देतो. त्याच्याकडून इमिग्रेशनचा सल्ला घेऊ नका.

मला वकील व्हायचं आहे. बारावीनंतर काय?

भारतासारखा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायदा अभ्यासक्रम इथे नाही. आधी चार वर्षांची कुठल्याही विषयातली पदवी. गणित, इतिहास, संगणक, काहीही चालतं, 'प्री-लॉ' घेतलंच पाहिजे असं नाही. मग एलसॅटसारखी प्रवेश परीक्षा, जिचे गुण १२० ते १८० मध्ये असतात. मग तीन वर्षं लॉ स्कूल, जेडी ही कायद्याची पदवी, आणि शेवटी बार परीक्षा. भारतात एलएलबी करून आलेल्यांना न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया काही अटींवर बार परीक्षेला बसू देतात.

परवानाही राज्याचाच. न्यू जर्सीची सनद घेऊन फिलाडेल्फियाच्या कोर्टात आपोआप उभं राहता येत नाही, आणि केंद्राच्या कोर्टांची नोंदणी वेगळी. परवाना देताना चारित्र्याची चौकशी होते. कॉलेजातली शिस्तभंगाची कारवाई, जुनी अटक, थकलेलं कर्ज, सगळं विचारतात. जुन्या चुकीने अर्ज अडतोच असं नाही. ती लपवली आणि नंतर सापडली, तर बहुधा अडतो. म्हणून शाळा-कॉलेजात किंवा पोलिसांकडून कधी काही लेखी मिळालं, तर तो कागद जपून ठेवा.